चूलबंद आवतण

आमच्या मंगल कार्यालयात सरकारी बैठक भरली, तेव्हा व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच लोंबत होती. नवरा-नवरीच्या सिंहासनांवर नांदेडहून आलेले एक साहेब आणि साखर कारखान्याचे एक अधिकारी शेजारी शेजारी बसले होते, कारण मोठ्या माणसांना बसवण्याजोग्या दुसऱ्या खुर्च्या आमच्याकडे नाहीत. मागे फलक होता, ‘आपत्ती व्यवस्थापनासाठी सार्वजनिक-खासगी भागीदारी’. सार्वजनिक म्हणजे सरकार. खासगी म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्या देणारा कारखाना, जेसीबी देणारा खडी क्रशरवाला, औषधं देणारा मेडिकलवाला, आणि पूर आला की लोकांना ठेवायला कार्यालय देणारे आम्ही.

‘‘भागीदारी म्हणजे नफ्यातोट्यात वाटा,’’ आमचे हे माझ्या कानाशी कुजबुजले. ‘‘यात नफा कुठाय?’’

‘‘फलकावर तुमचं नाव आलंय ना, तोच नफा धरा,’’ मी म्हटलं. फलकावर नाव येण्याची त्यांना भारी हौस. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

सही करायला तसं अवघडही काही नव्हतं. आमचं गाव नांदेडहून बिलोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला. पूर यायचा तो श्रावण-भाद्रपदात, आणि चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे कार्यालय नाहीतरी रिकामंच. नदीलासुद्धा पंचांग कळतं असं हे त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगत सुटले.

आमच्या वाट्याला आलेलं गाव मांजरेच्या काठचं, एकाच लांब गल्लीचं. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा, आणि त्या ओढ्यावर एक बुटका पूल. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात मागे सरकतं, आणि पूल बुडाला की गावाला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणजे पूल बुडायच्या आत माणसं काढायची, एवढीच सगळी योजना. त्या गावात ह्यांच्या सख्ख्या आत्या राहतात. बैठकीत नकाशावर त्या गावाभोवती लाल गोल काढला, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं घर आठवलं. दगडमातीच्या जुन्या भिंती, वर पत्रे, आणि घर गल्लीच्या नदीकडच्या टोकाला.

योजनेची जबाबदारी नांदेडच्या कार्यालयातल्या एका मॅडमवर होती. वय तिशीचं, बोलणं चटचट, पायात बूट. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या, कारण आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर आणि संडास पाहिले. बाकीच्यांनी फक्त व्यासपीठ पाहिलं होतं.

पावसाळ्याआधी त्यांनी सराव ठेवला. रिक्षाला भोंगा बांधून गावात फिरवला. भोंगा सांगत होता, ‘‘पाणी वाढत आहे. प्रत्येक घराने मंगल कार्यालयात यावे. राहण्याची व जेवणाची सोय केलेली आहे.’’ कारखान्याच्या ट्रॉल्या पुलावर उभ्या राहिल्या. मी आचाऱ्याला सगळ्या गावापुरती खिचडी टाकायला लावली, बायका-लेकरांसाठी वधूपक्षाच्या खोल्यांत गाद्या घातल्या, पाळणासुद्धा टांगून ठेवला.

आले ते सगळे पुरुष. धुतलेले शर्ट, डोक्याला टोप्या, एकाच्या खांद्यावर तर नवा गमजा. आले, पाय धुतले, सांगायच्या आधीच रांगेनं पंगतीला बसले. खिचडीला नावं ठेवली नाहीत, पण ‘गोडाचं काही न्हाई वाटतं’ असं एकानं हळूच विचारलं. जेवून बाहेर गेले, तंबाखू मळली, आणि पुन्हा ट्रॉलीत चढून गावाकडे. साहेबांनी फोटो काढले. प्रत्येक घरातून माणूस आला, सराव यशस्वी झाला.

‘‘बाया कुठायत?’’ मी ह्यांना विचारलं.

‘‘सराव आहे गं. कामंधामं सोडून बाया कशाला येतील?’’

मॅडमनाही मी तेच विचारलं. खरं पाणी आलं की येतील, असं त्या म्हणाल्या. मलाही ते पटलं. उरलेली खिचडी मात्र मला दोन दिवस पुरली, आणि तिच्याकडे बघितलं की काहीतरी खटकायचं.

त्या भाद्रपदात पाऊस लागून राहिला. आधी सगळे खूश होते, सोयाबीन तरारलं होतं. मग शेतांत पाणी साचलं, सोयाबीन पिवळं पडलं, आणि लोकांनी पावसाला शिव्या द्यायला सुरुवात केली. एके दिवशी दुपारी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. मॅडमचा फोन आला, ‘‘आता सराव नाही. लोकांना बोलवा.’’ भोंग्याची रिक्षा गेली, ट्रॉल्या गेल्या, मी चूल पेटवली. मॅडम स्वतः नांदेडहून निघून आमच्याकडे पोचल्या तेव्हा त्यांची ओढणीसुद्धा पिळून काढावी लागली.

ट्रॉल्या परतल्या. मी दारात उभी होते. पहिल्या ट्रॉलीतून पुरुष उतरले. दुसरीतून पुरुष. तिसरीतूनही तेच शर्ट, त्याच टोप्या. या खेपेला हातात छत्र्या आणि पिशव्या होत्या, एवढाच फरक. पाय धुतले आणि आत जाऊन पंगतीच्या जागी बसले.

त्यांच्यातच आत्यांचा मुलगा होता. माझे भावजी लागतात ते. मी त्यांना बाजूला घेतलं.

‘‘भावजी, घरचे कुठायत?’’

‘‘घरीच हायत की.’’

‘‘घरी? अहो, पाणी यायलालंय तिकडं.’’

‘‘आमच्या गल्लीत पानी येत न्हाई वैनी. आजवर आलं न्हाई. आन भोंगा म्हनला, परत्येक घरानं यावं. घरातून मी आलो.’’ मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मला समजावून सांगितलं. ‘‘घरटी एक आवतन हाय ना हे. लोकाच्या मांडवात सगळं लेंढार घिऊन कसं जावं? बरं दिसतंय का ते? मागल्या टायमाला बी आसंच झालं.’’

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी मला कळलं, की ते काही चुकीचं बोलत नव्हते.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं मुरुड. बाजाराचं गाव. तिथे आमच्या घरी पत्रिका दुकानावर टाकून जायचे, आणि ज्याला सवड असेल तो लग्नाला जायचा. लग्न होऊन इकडे आले, तेव्हा सासूबाईंनी मला बसवून आवतणाचे प्रकार शिकवले होते. नुसतं आवतण म्हणजे घरटी एक माणूस, बहुतेक कर्ता पुरुष. त्याच्या मागून बायकोनं येणं म्हणजे हावरेपणा, लेकरं आणणं म्हणजे त्याहून वाईट. सगळ्यांना बोलवायचं असेल तर चूलबंद आवतण द्यावं लागतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. आणि ते आवतण यजमानाच्या घरच्या बाईनं उंबऱ्यापाशी जाऊन द्यायचं. निरोप धाडून चालत नाही. फोनवर तर नाहीच. मंगल कार्यालय म्हटलं, जेवणाची सोय म्हटली, ‘प्रत्येक घराने’ म्हटलं. त्या गावानं याचा सरळ अर्थ लावला, आणि रीतीप्रमाणे घरटी एक माणूस पाठवला.

हे मी मॅडमना सांगितलं.  त्यांनी लगेच भावजींच्या फोनवरून आत्यांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवला.

‘‘आजी, मी नांदेडहून आलेय. तुम्ही सगळे लगेच निघा. ट्रॉली पाठवतेय.’’

‘‘निघा म्हंजे? आमाला कुनी बोलिवलंय?’’ आत्यांचा आवाज शांत होता. ‘‘लेक गेलाय की आमचा. जेवला का त्यो?’’

‘‘आजी, पूल बुडेल.’’

‘‘बुडतोय दरसाली. उतरतोय बी.’’

फोन बंद झाला. मॅडमचा चेहरा उतरला होता. ट्रॉली पाठवून उपयोग नव्हता, कारण चढायला कोणी नव्हतं. पोलीस बोलवून माणसं उचलून आणता आली असती, पण पोलीस येईपर्यंत पूल थांबणार नव्हता. पुरुषांना परत पाठवावं, तर ते आपापल्या घरी जाऊन ‘चला’ म्हणणार, घरच्या बाया ‘कुनी बोलिवलंय’ म्हणणार, आणि त्यात अर्धा तास जाणार.

मी ऑफिसात गेले. आमच्या कार्यालयाच्या ऑफिसात कुंकवाचा करंडा आणि अक्षतांचा डबा कायम असतो. ऐन मुहूर्तावर कोणीतरी अक्षता विसरतंच. मी दोन्ही पिशवीत घातलं, डोक्यावर पदर घेतला आणि ट्रॅक्टरकडे निघाले.

‘‘काय करताय?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘आवतण द्यायला निघाले.’’

हे दारातून म्हणाले, ‘‘तू कशाला जातेस, मी जातो.’’ मी त्यांना सांगितलं, की तुमच्या हातून दिलेलं आवतण चालत नाही, तुम्ही खिचडीकडे बघा.  मॅडम माझ्या मागून ट्रॉलीत चढल्या. भावजीही आले. बाकीच्या दोन ट्रॉल्या आमच्या मागून निघाल्या.

पुलावरून पाणी वाहायला लागलं होतं. फार नव्हतं, ट्रॅक्टरच्या पुढच्या लहान चाकाचा खालचा भाग बुडेल एवढं. चालवणारा माणूस कारखान्याचा, ऊस वाहून तयार झालेला. पुलाच्या कठड्याचा एक दगड दाखवून तो म्हणाला, ‘‘त्यो दगुड दिसतोय तवरच. न्हाई दिसला तर म्या येनार न्हाई, आदीच सांगून ठिवतो.’’ मला भीती वाटत होती, आणि ती लपवण्यासाठी मी मॅडमना कुंकू कसं लावायचं ते शिकवत होते. त्या शहरातल्या. लग्नात बाई दारात आली की तिला कुंकू लावायचं एवढं त्यांना माहीत होतं, पुढचं नाही.

गल्लीत शिरलो, तर पाणी घोट्यापर्यंत. बाया दारात उभ्या राहून तेच बघत होत्या. मी पहिल्या दारात गेले, त्या घरच्या सुनेला कुंकू लावलं, उंबऱ्यावर अक्षता टाकल्या आणि म्हटलं, ‘‘आमच्याकडं चूलबंद आवतण आहे. सगळ्यांनी यायचं. आत्ताच.’’

ती बाई पहिल्यांदा हसली. ‘‘कशाचं वो कार्य? ह्या दिवसात?’’

‘‘ते तिकडे आल्यावर सांगते.’’

तिनं माझ्याकडे बघितलं, पायाखालच्या पाण्याकडे बघितलं, मग आत वळून ओरडली, ‘‘आत्तीबाई, उठा. चूलबंद हाय.’’ बस्स. त्या घरातलं एकही माणूस पुन्हा का म्हणून विचारायला थांबलं नाही. दुपारपासून भोंगा घसा फोडून मेला, आणि चिमूटभर कुंकवानं घर रिकामं झालं. मला त्या वेळी हसू आलं नाही. नंतर फार आलं.

गल्लीची दुसरी बाजू मॅडमनी केली. त्यांची कुंकवाची बोटं पावसानं वाहत होती, बायांच्या कपाळावरून नाकापर्यंत ओघळ येत होते, पण त्या दारोदार जाऊन म्हणत होत्या, ‘‘चूलबंद आवतण आहे, सर्वांनी यावे.’’ बोलणं कागदी, पण मान्य झालं. मशिदीकडच्या घरांत कुंकू-अक्षता लागल्या नाहीत. शब्द पुरला.

आत्यांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं नव्हतं, ते माझ्या बाजूला शेवटी आलं. आत्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. त्यांची सून आणि दोन्ही नातवंडं खाटेवर. पाणी उंबऱ्याच्या आत यायचं बाकी होतं. आत्या विधवा आहेत, कुंकू लावून घेत नाहीत. मी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि पाया पडले.

‘‘चूलबंद आहे आत्याबाई.’’

‘‘चूलबंद म्हन्तीस?’’

‘‘हो.’’

‘‘तू सवता आलीस म्हून येते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मगा कुनी बाई फोनवर बोलायलती. आसं बोलिवतेत का?’’

ती बाई बोटांना ओलं कुंकू घेऊन दारातच उभी होती. 

मग आत्यांनी घाई म्हणून केली नाही. तव्यावरची भाकरी पुरती भाजली. ती फडक्यात बांधली. लाकडं बाहेर ओढून विझवली, निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं, चुलीवर टोपलं पालथं घातलं. चूलबंद म्हणजे चूल बंद. मग त्या आत गेल्या आणि लुगडं बदलून आल्या. मी बाहेर उभी राहून दातओठ खात होते. तिकडे दगड बुडायला आलेला, आणि इकडे आत्यांना ठेवणीतलं लुगडं सुचतंय. माझ्या तोंडून निघालंच, ‘‘आत्याबाई, लग्नाला नाही निघालो आपण.’’

‘‘ठावं हाय मला कशाला निघालो त्ये,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘आवतनाला निघालो ना? मंग फाटक्यात येऊ का?’’

आणि शेरडं. चूलबंद म्हणजे गोठाही आलाच, असं आत्यांचं म्हणणं. भावजींनी शेरडं उचलून ट्रॉलीत टाकली, गायीचं दावं सोडून तिला मागे बांधलं. भरलेल्या दोन ट्रॉल्या आधीच पार झाल्या होत्या; आम्ही पुलावर आलो, तेव्हा तो दगड दिसत नव्हता.

ट्रॅक्टर थांबला. चालवणाऱ्यानं मागे वळून ट्रॉलीकडे बघितलं. तिथे उरलेली गल्ली चांगली लुगडी नेसून, कपाळाला कुंकू लावून, शेरडांसकट उभी होती.  एक तान्हं रडत होतं. त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि गिअर टाकला. पूल ओलांडेपर्यंत माझा हात आत्यांच्या हातात होता. मी धरला की त्यांनी, ते आठवत नाही.

त्या रात्री पहिल्यांदाच नदी घरांत शिरली, आणि उतरायला बरेच दिवस लागले. भावजी पहिल्यांदा जाऊन आले आणि पायरीवर बसून राहिले. मग त्यांनी सांगितलं, की स्वयंपाकाच्या बाजूची भिंत आत पडली आहे. आत्या जिथे भाकरी थापत होत्या, तिथेच. टोपलं, चूल, सगळं भिंतीखाली. हे ऐकून मी कोठीघरात गेले, दार लोटून घेतलं आणि रडले. आत्यांनी मात्र एवढंच विचारलं, ‘‘तवा सापडला का?’’

कार्यालयातले ते दिवस तसे भांडणाचेच गेले. बायांनी दुसऱ्याच दिवशी आचाऱ्याला बाजूला सारून भाकऱ्या सुरू केल्या. शेरडं व्यासपीठावर चढून बसली, एक तर सिंहासनाची मखमल खाऊ लागली, आणि ह्यांनी भागीदारीतून बाहेर पडण्याची धमकी दिली. मॅडम मधूनमधून येऊन डाळ-तांदूळ, गोळ्या-औषधं बघून जात. पुढच्या योजनेत त्यांनी भोंग्याच्या जोडीला बचत गटाच्या बायांनी दारोदार जाऊन बोलवायचं, असं घालून घेतलं. साहेबांनी त्याला ‘कुटुंबनिहाय निमंत्रण’ असं नाव दिलं. देऊ देत.

पाणी ओसरलं, लोक परतले, भिंती उभ्या राहू लागल्या. दिवाळीच्या आधी एका सकाळी आत्या आमच्या दारात हजर. बरोबर सून, सुनेच्या हातात करंडा. सुनेनं मला कुंकू लावलं, आत्यांनी उंबऱ्यावर अक्षता टाकल्या.

‘‘रविवारी चूलबंद हाय. आचाऱ्याला बी सांग, त्या टॅक्टरवाल्याला बी.’’ मग त्या जरा थांबल्या. ‘‘सरकारला बी द्यावं म्हनलं आवतन. पर सरकारची चूल कुठं आस्ती, त्ये काही ठावं न्हाई.’’

मला ठाऊक होती. सरकार नांदेडला एका फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. मी आत्यांना आणि त्यांच्या सुनेला घेऊन बसनं नांदेडला गेले. मॅडमनी दार उघडलं, आणि आत्यांनी पायरीवर अक्षता टाकल्या. शेजारची एक बाई दार किलकिलं करून बघत होती. मॅडमनी मान खाली घातली आणि सुनेकडून कुंकू लावून घेतलं. आतून त्यांच्या सासूबाई कोण आलंय म्हणून विचारत होत्या.

रविवारी आम्ही गेलो. भिंत नवी उभी राहिली होती, अजून ओली. तिच्या पायथ्याशी नवी चूल होती. पुरानं गल्लीभर जो गाळ टाकला होता, तोच गाळ घेऊन आत्यांनी ती घातली होती. चांगला चिकट गाळ आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या चुलीवर पुरणपोळ्या चालल्या होत्या आणि तवा जुनाच होता.

मॅडम येतील की नाही, मला खात्री नव्हती. सरकारी माणूस, कोणी काही म्हणेल. आल्या तरी एकट्या येतील, गाडीतून उतरून दोन घास खाऊन जातील, असं मी धरून चालले होते. दुपारी ओढ्याच्या पुलावरून एक रिक्षा आली. आधी मॅडम उतरल्या, मग त्यांचे यजमान, कडेवर मुलगी, आणि शेवटी हात धरून त्यांच्या सासूबाईंना उतरवलं. म्हातारीनं जरीचं लुगडं नेसलेलं. ती कोणाची वाट न बघता सरळ चुलीपाशी आली, आत्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली,

‘‘गॅस बंद करून, घराला कुलूप लावून आलोय सगळे.’’

आत्यांनी जरा सरकून तिला जागा करून दिली.